मापटं बापाचं, दारू नवी

एकदा एक रायफल फुटली, आणि दोष उस्तादाचा होता. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण असल्या गोष्टींत शेवटी म्हातारा शहाणा निघतो आणि शिष्याने मान खाली घालायची असते. इथे म्हातारा शहाणा होता हे खरं. पण रायफल फुटली ती त्याच्यामुळेच.

उस्तादाचं काम मोठं विलक्षण होतं. जुन्या काळी काही रायफलींच्या काडतुसांत पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाशी, कडेच्या दुमडीत भरलेला असे. घोडा पडला की पिन त्या कडेवर आपटे आणि बार होई. पुढे हा मसाला छोट्या टोपीत भरून ती बुडाच्या मधोमध बसवण्याची रीत आली. कडेची काडतुसं बनायची थांबली आणि त्या रायफली भिंतीवर टांगून राहिल्या. अशी मुकी रायफल उस्तादाकडे आली की तो तिच्या नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा नवा घडवी, पिन कडेवरून मध्यावर आणी, तिच्या मापाच्या पुंगळ्या कातून घेई, आणि दारू नि शिशाची गोळी स्वतःच्या हाताने भरी. सरकारी परवाना, तीन पिढ्यांचं नाव, सगळं रीतसर.

शिष्याला विचारण्याची खोड होती. मसाला कडेलाच का भरत? मग ती रीत का मोडली? उस्ताद कानस थांबवून सांगे की कड पिनेने चेपावी म्हणून पातळ ठेवावी लागे, आणि पातळ म्हणून तिला फार जोर सोसत नसे. टोपी मध्यावर गेली तेव्हाच बूड जाड करता आलं. शिष्य ते ऐकून दिवसभर हरखलेला असे. उत्तर येत होतं तोवर उस्तादालाही प्रश्न आवडत.

एकदा एक जहागीरदार आजोबांची रायफल घेऊन आले. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की तिचा बार काढायचा, एवढीच त्यांची इच्छा. या रायफलीची पिन शिष्याने घडवली. उस्तादाने ती डोळ्यासमोर धरून फिरवून पाहिली आणि म्हणाला की पहिला बार तूच काढायचा.

या बोलण्याचा अर्थ मोठा होता. उस्तादाच्या घराण्याची रीत अशी, की घडवणाऱ्याने पहिला बार गिऱ्हाइकासमोर खांद्याला लावून काढायचा. बार सुखरूप निघाला की त्याला कामावर नाव उमटवायचा स्वतःचा ठसा मिळे. ठसा नसलेला माणूस जन्मभर दुसऱ्याच्या नावाने कानस घासतो. शिष्य तिशीला आला होता.

काडतुसं भरायला बसले तेव्हा काळी दारू ओल धरून गोळा झालेली निघाली. जहागीरदारांनी आपल्याकडचा डबा पाठवला. ती दारू नवी, बिनधुराची. उस्तादाने शिंगाचं मापटं काढलं, काठोकाठ भरलं आणि पुंगळीत ओतलं.

शिष्याने विचारलं, "उस्ताद, दारू बदलली. मग मापटं तेच कसं?"

"मापटं माझ्या बापाचं आहे," उस्ताद म्हणाला.

 शिष्याला उत्तर ठाऊक होतं असं नाही. पण मिळालं ते उत्तर नव्हे, एवढं त्याला कळत होतं.

बार काढायच्या दिवशी तो माळावर दोरी घेऊन आला. म्हणाला, रायफल ओंडक्याला बांधू, बांधाआडून चाप ओढू. निघाला बार तर दुसरा मी खांद्यावर घेईन. जहागीरदार मिशीत हसले. "उस्ताद, तुमचा गडी रायफल बैलासारखी दावणीला बांधतोय," ते म्हणाले. जमलेले चार लोकही हसले.

उस्तादाला ते झोंबलं. दोरीने बार काढणाऱ्याला या घरात ठसा मिळत नाही, हे त्याने सर्वांदेखत सुनावलं. शिष्याने रायफलीकडे पाहिलं, पाय रोवले आणि हात पुढे केला नाही. उस्तादाने ती स्वतः उचलली, डावा तळवा नळीखाली दिला आणि चाप ओढला.

नळी त्या तळव्यापाशीच उकलली.

काही आठवड्यांनी उस्तादाने जहागीरदारांना, माळावर हसलेल्या लोकांना आणि शिष्याला दुकानात बोलावलं. डावा हात पंच्यात गुंडाळून मांडीवर ठेवला होता. त्याने शिष्याला आपल्या गादीवर बसवलं, स्वतः खाली कानशींपाशी बसला आणि म्हणाला, "तो प्रश्न पुन्हा विचार."

कुणाला काही उमगेना. जहागीरदारांना वाटलं, दुखण्याने म्हातारा भ्रमला. शिष्य अवघडून म्हणाला की जाऊ द्या, तसं माझंही काही फार...

"तसा नको. जसा विचारला होतास, तसाच."

"दारू बदलली. मग मापटं तेच कसं?"

"मला ठाऊक नाही," उस्ताद म्हणाला. मग थांबून म्हणाला, "एवढंच म्हणायचं होतं त्या दिवशी. जीभ वळली नाही. मापटं खोटं नव्हे. काळ्या दारूला ते बरोबरच होतं. नव्या दारूचा जोर तेवढ्याच जागेत कितीतरी पट असतो, तो मी कधी जोखलाच नाही. पुंगळी मी मजबूत केली, नळी मात्र शंभर वर्षांची तीच राहिली. तू विचारलंस तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हतं, म्हणून मी वंशावळ पुढे केली. वंशावळ नळीत घालून चालत नाही रे."

लोक म्हणतात, केवढं मोठं मन. असेलही. मन एवढंच मोठं होतं तर काडतूस भरतानाच का दाखवलं नाही, हे कुणी विचारत नाही. उलटा विचार करून पाहा. शिष्य आज्ञाधारक असता, तर त्याच मापट्याने त्याचा हात गेला असता आणि लोकांनी त्याच्या गुरुभक्तीचे गोडवे गायले असते. वडीलधारे स्वतःच्या काळाच्या मापाने आज काठोकाठ भरतात, आणि फुटलं की पोरांच्या खांद्याला दोष देतात.

उस्तादाने कोरा ठसा शिष्यापुढे सरकवला. "आपलं नाव खोदून घे आणि मार."

"कशावर मारू? रायफल तर गेली."

"ठोकळा शाबूत आहे. पिनही. टोपीच्या बरोबर मधोमध लागली होती, पाहिलं मी."

शिष्य बराच वेळ तो ठोकळा हातात फिरवत राहिला. मग न राहवून त्याने विचारलं की नव्या दारूचं योग्य माप तरी कसं काढायचं.

"तेही मला ठाऊक नाही," उस्ताद म्हणाला. हे म्हणायला त्याला आता वेळ लागला नाही. "पण त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे. असल्या नळीत ती दारू घालावीच का?"

शिष्य मान हलवून उठला आणि दारूचा डबा जहागीरदारांच्या हातात परत दिला.

त्या बारात उस्तादाचा डावा हात मनगटापासून गेला होता. कानस धरायला दोन हात लागतात. त्यानंतर त्याने एकही रायफल घडवली नाही.