राजाचं लाल धनुष्य

एक होता राजा. त्याला लाल रंगाचं भारी वेड. घोडा लाल, पागोटं लाल, भातावरचं वरणसुद्धा लाल! मग एकदा त्याच्या मनात आलं, आपलं धनुष्यही लालच हवं.

त्याच्या राज्यात पवळी आणि तिचा नवरा जिवा धनुष्यं घडवायचे. धामणीच्या लाकडाची. धामण म्हणजे झाड, बरं का, साप नव्हे! त्या लाकडात सालीखाली पांढरं असतं आणि आत गाभा लालसर. धनुष्य ओढलं की बाहेरचं पांढरं ताण सोसतं, आतलं लाल दाब सोसतं. पवळी-जिवाचं कामही तसंच जोडीचं. तो दोरी ओढायचा, ती लांबून वाक बघायची, दोन्ही बाजू सारख्या वाकतात की नाही ते.

राजा म्हणाला, "पांढरं तासून टाक."

जिवा म्हणाला, "नको महाराज, मोडेल."

झालं! एवढ्यावरून राजाने त्याला कोठडीत कोंडलं. सांगा बाळांनो, हा काय न्याय झाला? वर पवळीला म्हणतो कसा, "लाल धनुष्य आण आणि नवरा घेऊन जा."

पवळीच्या अंगाची लाही लाही झाली. पण करते काय? तिने पांढरं तासलं. राजाने धनुष्य ओढलं, ते काडकन मोडलं. मग दुसरं नेलं. तेही मोडलं, आणि राजाचं पागोटं उडालं!

"मुद्दाम करतेस!" राजा ओरडला. "आता मोडलं तर तूही आत!"

मग मात्र पवळीने पांढरं तसंच ठेवलं. पण वाक बघायची ती, तर दोरी ओढणार कोण? एक बाजू ताठच राहिली.

"यात पांढरं आहे!" राजा गरजला.

"आहेच," पवळी म्हणाली. "ओढा तर खरं!"

राजाने बाण सोडला. तो निघाला वाकडा. दरबाराला वळसा घातला, मुदपाकखान्यात शिरला, वरणाचं पातेलं लवंडलं आणि कोठडीच्या कुलपावर आदळला. खट्! कुलूप तुटलं, जिवा बाहेर!

आणि काय सांगू, ते धनुष्यच बोललं, "एकटीने घडवलं मला, म्हणून वाकडं मारलं. राजा, लाकडाची जोडी फोडलीस, माणसांची फोडलीस. लाज नाही वाटत?"

सगळा दरबार राजाकडे बघायला लागला. त्याचं तोंड असं लालेलाल झालं, की त्या दिवसापासून त्याला लाल रंग नकोसाच झाला.

मग जिवा ते धनुष्य घेऊन घरी आला. त्याने दोरी ओढली. पवळी लांबून म्हणाली, "डावीकडे अजून घास."

घासलं. वाक बरोबर आला. दोघं सुखात राहिली. आता तुम्हीही पाय पांघरुणात घ्या आणि मिटा डोळे.