डिस्टिल्ड पाण्यातलं तांबं

“आणि ही जास्तीची बाटली माझ्या पेटीत कुणी घातली, सर?”

ओसरीवर बसलेल्या गोतमारे सरांनी हात वर केला. “मी.”

शार्दूलच्या डोक्यात तिडीक गेली. वाटलंच होतं! खडकातला धातू ओढ्याच्या पाण्यात उतरतो. पाणी तपासत वर वर जावं, म्हणजे त्याचं ठिकाण सापडतं. ही विद्या सरांचीच. आता चेल्याच्या प्रत्येक बाटलीत भरपूर तांबं निघालं, तर म्हाताऱ्याच्या पोटात दुखायला लागलं.

उद्या शार्दूल बोट ठेवेल तिथे कंपनी टेकडी खोदणार होती. पठ्ठ्याचं नाव होणार होतं.

“कुठल्या ओढ्याचं पाणी आहे हे?”

“कुठल्याच नाही. डिस्टिल्ड वॉटर. तुझ्याबरोबर ओढ्यावर आलो होतो, तेव्हा तिथंच बादलीत ओतलं आणि तुला म्हटलं, एक बाटली बुडवून दे रे बाबू. तू दिलीस.”

दिली होती खरी. म्हाताऱ्याचं काहीतरी खूळ असेल, असं समजून.

“तिच्यात काय निघालं?”

शार्दूल हातातला लॅबचा रिपोर्ट चाळू लागला.

“बोल की!”

“तांबं...”

“किती?”

“बाकीच्यांइतकंच.” आणि तो उसळला. “म्हणजे तुम्हीच बादलीत काही कालवलंत! दुसऱ्या कंपनीनं पाठवलं होतं ना तुम्हाला?”

सर खो खो हसले.

“आणखी कुणाकुणावर संशय घेतलास?”

“ड्रायव्हरवर. गावातल्या पोरांवर. लॅबवाल्यांवर. सगळ्यांवर!”

“वा...”

सर उठले. त्यांनी शार्दूलचा उजवा हात धरला आणि बोटातली तांब्याची अंगठी हळूच ओढून काढली. सूर्य बलवान व्हावा म्हणून आईनं घातलेली. कॉलेजपासून ती कधी उतरलीच नव्हती. खाली कातडीवर हिरवा वळ उमटला होता.

हाच हात तो प्रत्येक ओढ्यात मनगटापर्यंत बुडवत आला होता.

शार्दूलच्या तोंडचं पाणी पळालं. लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सर... उद्या कंपनीला काय सांगू?”

सरांनी अंगठी त्याच्या तळहातावर ठेवली.

“संशय घ्यायला मीच शिकवलं तुला. त्यातून एका माणसाला सूट दे, असं कधी म्हणालो होतो?”