आग्रहाचा निरोप

“...पण एका अक्षराचाही फरक पडणार नाही, अशी हमी दिली तर? मग तरी जाऊ द्याल?”

प्रोफेसर उकिडव्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. पुण्यात फ्रेंच शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. आता एकच ध्यास लागला होता. फ्रान्सला जायचं आणि दाजीस्वामींची वचनं तिकडच्या लोकांना सांगायची. त्यासाठी स्वामींची आज्ञा हवी होती, आणि स्वामी तर वेण्णेकाठच्या आपल्या मठीत बसून निवांत घेवडा मोडत होते.

“तिकडे दुसऱ्याचं बोलणं कसं सांगतात हो?” स्वामींनी विचारलं.

उकिडव्यांची कळी खुलली. हा तर त्यांचा हातखंडा विषय.

“शिस्तीत सांगतात. आपण बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच ठेवतो. ‘मी येतो म्हणाला’, की झालं. तिकडे ‘मी’चा ‘तो’ करावा लागतो. तो काल बोलला असेल, तर त्याचं ‘आहे’ आज ‘होतं’ होतं. ‘उद्या’चा ‘दुसरा दिवस’ होतो. ‘खा’ असेल तर ‘खायला सांगितलं’. आणि ‘अहो’, ‘अगं’, ‘बरं का’ हे सगळं गळून पडतं. त्याला तिथे जागा नाही.”

“वा वा. मग उरतं काय?”

“अर्थ, स्वामी. शुद्ध अर्थ.”

“हं...” म्हणून स्वामींनी आणखी एक शेंग मोडली.

ओसरीच्या टोकाला क्लोदेतबाई बसल्या होत्या. फ्रान्सहून आलेल्या. त्यांच्या नवऱ्याला ही मठी पाहायची होती, पण गेल्या वर्षी तो वारला, म्हणून त्या एकट्याच आल्या होत्या. कालपासून पाण्याखेरीज त्यांनी तोंडात काही घातलं नव्हतं.

“त्यांना सांगा,” स्वामी म्हणाले, “अहो बाई, दोन घास खाऊन घ्या, माझ्यासाठी.”

उकिडवे गेले. स्वामींनी आपल्याखातर बाईंना थोडं खायला सांगितलं आहे, असं त्यांनी फ्रेंचमध्ये सांगितलं. वाक्य इतकं बेतशीर उतरलं की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. बाईंनी हात जोडले आणि त्या काहीतरी पुटपुटल्या.

“आभारी आहेत म्हणाल्या,” उकिडवे परत येऊन म्हणाले, “पण भूक नाही.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी? मी काय म्हणणार? निरोप पोचला, उत्तर आलं.”

आता आपल्याकडे पहिल्या ‘नको’ला कोण हो जुमानतं? पंगतीत नको नको म्हणणाऱ्याच्याच पानात जिलबी पडते. उकिडव्यांनी स्वतः किती जणांना असा आग्रह केला असेल. पण फ्रेंच बोलायला लागले की घरचे रिवाज त्यांना आठवत नसत, त्याला काय करणार.

स्वामी गुडघे धरत उठले. ताटात पिठलं वाढून घेतलं, भाकरी घेतली आणि बाईंसमोर फतकल मारून बसले. भाकरी मोडली. अर्धी बाईंच्या पुढ्यात ठेवली, अर्धी हातात धरली... आणि नुसते बसून राहिले.

बाईंनी मान हलवली. नको.

स्वामींनीही मान हलवली. हातातला घास तोंडाशी नेला, थांबले, परत खाली आणला.

उकिडव्यांना राहवेना. “मी सांगू का त्यांना, की आपण...”

स्वामींनी दुसरा हात वर केला.

पिठलं निवत चाललं होतं...

बाई त्या म्हाताऱ्याच्या अडलेल्या घासाकडे बघत राहिल्या आणि मग त्यांना हसू फुटलं. डोळे तर भरलेलेच होते. त्यांनी तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, खाल्ला. मग स्वामींनी खाल्ला. पिठलं चांगलंच तिखट होतं. बाईंनी नाक पुसलं आणि दुसरा तुकडा मोडला.

उकिडवे उभ्या जागी बघत होते. थोडी लाज वाटली, पण त्याहून जास्त बरं वाटलं. असं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

“स्वामी...” ते हळूच म्हणाले, “मग, मी जाऊ का तिकडे?”

“प्रोफेसर, ताट रिकामं झालंय. बाईंना वाढा.”