ठमीच्या कड्यावरची खाच

पहिलं सांगते, काठावर जायचं नाही. फोटो लांबूनही निघतात. त्या काळ्या दगडाला पडलेली खाच बघायला आलात ना? मग इथं बसून बघा. मनगट मावेल एवढी खोल आहे. दोर घासून घासून पडली आहे ती. मागचं जांभळाचं झाड दिसतंय, दोराचं शेवटचं टोक त्याला बांधतात.

आमच्या गावात कुणी सरपंच होवो, देवळाचा पंच होवो, नाहीतर महिला मंडळाची अध्यक्ष होवो, खुर्चीवर बसायच्या आधी त्याला या खाचेवरून खाली सोडतात. आणि दोर कुणाच्या हातात देतात? ज्याच्याशी त्याचं सगळ्यात वाकडं आहे, त्याच्या. हसू नका. मागे एकजण निवडून आला, काठावरून खाली बघितलं आणि पोटात दुखतंय म्हणून घरी गेला. तो अजून घरीच आहे.

ही रीत कशी पडली, ते असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. गाव मधावर जगायचं. या कड्याच्या पोटाला आग्या मोहोळं लागायची, गाईच्या पोटाएवढाली. एक माणूस धुराची चूड घेऊन दोरानं खाली उतरायचा, बाकीचे वर दोर धरायचे. खालच्याला वरचं दिसत नाही, वरच्यांना खालचं दिसत नाही. माश्यांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. म्हणून कायदा एकच. खालून दोराला हिसका आला की वर ओढायचं. उतरणाऱ्याचा मेहुणा काठावर सगळ्यात पुढं बसायचा, हिसका त्याच्या हाताला कळायचा. आपल्या बहिणीचं कुंकू कोण पुसेल, असा त्यामागचा हिशोब.

गावाचा नाईक होता खेवजी. बाप नाईक, आजा नाईक. नाईकाच्या थोरल्यानं दोराला लागायचं नाही अशी त्या घरातली पद्धत, म्हणून खेवजी कधी उतरलाच नव्हता. तो वर उभा राहून सांगायचा, आणि लोक ऐकायचे. उतरायचा त्याचा धाकटा भाऊ धाकू.

त्या साली नाचणी जळून गेली होती. मध देऊन धान्य आणायचं, तरच गाव पावसाळा काढणार. धाकू कमरेला दोर बांधताना म्हणाला म्हणे, "दादा, एकदा तू पण ये की खाली. वारा झकास लागतो."

खेवजी म्हणाला, "नाईकानं लोंबकळायचं आणि गावानं दात काढायचे होय?"

लोक हसले. धाकूची बायको ठमी, तीही हसली असं सांगतात.

धाकू उतरला. अर्ध्यावर असताना वारा फिरला आणि धूर त्याच्यापासून दुसरीकडे गेला. दोराला हिसका आला. काठावर ठमीचा भाऊ रावजी होता. तो म्हणाला, "नाईक, दोर बोलतोय."

"मोठं मोहोळ अजून खाली आहे. भ्यायला असेल. सोड आणखी."

"हिसका आलाय, नाईक."

"आता दोराला विचारून चालू का मी? सोड म्हणतो ना!"

रावजीनं नाईकाच्या तोंडाकडे बघितलं आणि दोर सोडला. परत हिसका आला, परत सोडला. मग दोर गप झाला.

वर ओढला तेव्हा धाकूचं तोंड ओळखू येत नव्हतं. रडलं कुणी नाही म्हणे. ठमीनं त्याच्या कमरेचा दोर सोडला, त्याची गुंडाळी केली आणि झाडाखाली ठेवली.

पुढं मोहोळं तशीच लटकत राहिली. उतरायला कुणी तयार होईना. ज्याला दोर कळत नाही त्याच्या शब्दावर खाली कोण जाईल? घराघरातली मडकी रिकामी झाली. पोरं कंद उकरून खायला लागली. खेवजीनं एकेकाला बोलावलं, दम दिला, हात जोडले. माणसं जमिनीकडे बघत उभी राहायची आणि निघून जायची.

तेव्हा ठमी त्याच्या दारात गेली. म्हणाली, "भावजी, उद्या तुम्ही उतरा. दोर मी धरते."

तो नाही म्हणू शकला असता. पण म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव इथं, तुम्ही बसलात तिथं, उभं होतं. खेवजी उतरला. मोहोळाशी पोचला आणि माश्या उठल्या. तो ओरडला. आयुष्यभर त्याच्या एका आवाजावर गाव हललं होतं, पण तो आवाज त्याच्या त्यालासुद्धा ऐकू आला नाही. मग त्यानं दोराला हिसका दिला.

वर ठमीच्या हाताला तो कळला. तिच्यामागं रावजी होता. तो हळूच म्हणाला, "ठमे, राहू दे त्याला जरा."

तिनं मागं बघितलं नाही. म्हणाली, "ओढा."

खेवजी वर आला. डोळे सुजून मिटले होते. चाचपडत त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि तिच्या पायाशी ठेवलं. ती म्हणाली, "मला नको ते. डोक्याला बांधा आणि नाईकी करा. आता जमेल तुम्हाला. दोर हलला की तोंड बंद ठेवायचं, एवढं ध्यानात ठेवा."

पुढं बायकांनी तिला विचारलं, सोडून द्यावासा वाटला नाही का गं? ती म्हणाली, काही वाटलं नाही. हात बधिर झाले होते. दोर हलला, ओढला.

खेवजी पुढं पुष्कळ वर्षं नाईक होता. गाव त्याचं ऐकायचं. मध काढायच्या दिवशी मात्र तो काठावर उभा राहायचा नाही. मागं, झाडापाशी, दोराचं शेवटचं टोक धरायचा आणि पुढून ओढा म्हटलं की ओढायचा.

आजही ज्या दिवशी कुणाला खाली सोडतात त्या दिवशी कड्यावर कुणी बोलत नाही. रडकं पोर असेल तर घरी ठेवतात. दोर धरणारा लोकांकडे पाठ करून बसतो, म्हणजे कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. खालून हिसका आला की, कालच ज्याच्याशी बांधावरून आईबहिणीचा उद्धार झालेला असतो, तोच ओढा म्हणतो. आजवर कुणी उशीर केलेला नाही. पण ते वर आल्यावर कळतं. खाली असताना कळत नाही.