दोन हात कमी पडलेला दोर

शेंदूरघाटच्या पेठेत तीन मजल्यांचं दुकान आहे, अनसूया स्वस्त भांडार. खाली भांडीकुंडी, मधे कापडचोपड, वर शाळेची दप्तरं आणि चपला. याच नावाची आणखी दहा दुकानं आसपासच्या तालुक्यांत आहेत. कुठल्याही दुकानात जा, काचेचं कुलूपबंद कपाट दिसणार नाही. सगळा माल हाताला येईल असा उघड्यावर मांडलेला. आणि जिन्याच्या कडेला, छतापासून खालपर्यंत, लुगड्यांना लुगडी बांधून केलेला एक जाड दोर लोंबतो. परगावचं गिऱ्हाईक विचारतं, हे काय नवसाचं आहे का? तेव्हा पेठेतली जुनी माणसं ही हकिकत सांगतात.

साठ-पासष्ट वर्षं झाली म्हणे. तेव्हा इथे एक माडीचं दुकान होतं, खाली गाळा आणि वर राहती खोली. अनसूया मुळीक आणि तिचा नवरा धोंडिराम दोघं मिळून ते चालवत. माल साधा, गिरणीत डागी निघालेली लुगडी. पण त्या वर्षी अनसूयेने हातातल्या पाटल्या मोडल्या आणि पहिल्यांदाच भारी माल आणला. एका मोठ्या घरच्या लग्नाचा बस्ता तिच्या दुकानातून निघायचा होता. अकरा रेशमी लुगडी तिने माडीवरच्या पेटीत कुलपात ठेवली होती. दिवसातून दोनदा ती पेटी उघडून बघायची, असं सांगतात. आपलंही नाव होईल, डागी मालाची बाई म्हणून कुणी हाक मारणार नाही, एवढीच तिची हौस.

भाद्रपदातला बाजाराचा दिवस होता. सकाळचे दहा वाजले असतील. वरच्या अंगाला डोंगरात एक जुना तलाव होता, त्याचा बांध फुटला. भोगाई नदी घाट ओलांडून बघता बघता पेठेत शिरली. ज्यांना वाट मिळाली ते टेकाकडे पळाले. दुकानासमोर कडुनिंबाचा दगडी पार होता, त्यावर अठरा माणसं अडकली. बाजाराला आलेल्या बायका, दोन म्हातारे, कडेवरची पोरं. पाणी पाराच्या वर चढून त्यांच्या गुडघ्याला लागलं. माडीच्या खिडकीपासून पार वीसेक हातांवर, पण मधल्या धारेत पाय टिकेना.

धोंडिरामने माळ्यावरची डागी लुगडी खाली ओढली. दोघांनी तीन-तीन लुगडी एकत्र पिळून एकाला एक गाठ मारली. एक टोक खिडकीच्या खांबाला बांधलं आणि दुसरं कमरेला गुंडाळून धोंडिराम पाण्यात उतरला. तो पारावर पोचला तेव्हा बायका मोठ्याने रडल्या म्हणे. मग तो एकेकाच्या कमरेला दोर बांधायचा, अनसूया वरून ओढायची आणि दोर पुन्हा त्याच्याकडे फेकायची. वर आलेलं माणूस धापा टाकत तिच्याच मागे उभं राहून दोराला हात घालायचं. असे सतरा जण आले. अठरावी सहा वर्षांची चिमा, भिऊन वरच्या फांदीला बिलगलेली. तिला ओढताना खिडकीच्या दगडी उंबऱ्यावर घासून घासून दोर विरला. चिमा खिडकीत आली, आणि तिच्या कमरेमागे लोंबणारा दोराचा तुकडा तुटून धारेला लागला.

आता पारावर धोंडिराम एकटा होता. पाणी छातीला आलं होतं. त्याने झाडाच्या बुंध्याला मिठी मारली होती.

अनसूयेने उरलेला दोर डोळ्यांनी मापला. माळ्यावर एकही लुगडं उरलं नव्हतं. मागून एक म्हातारी म्हणाली, "बाई, अजून एक जोडा. कमी पडंल."

अनसूयेची नजर पेटीकडे गेली. कमरेच्या किल्लीवर हात गेला आणि तिथेच थांबला.

"पुरंल एवढा," ती म्हणाली.

तिने टोकाला वरवंटा बांधून दोर फेकला. धोंडिरामने एक हात बुंध्याला ठेवून दुसरा लांबवला. वरवंटा त्याच्या बोटांपासून दोन हातांवर पडला. पुन्हा फेकला. पुन्हा तेवढाच.

"अनसे, थोडाच पायजे!" तो ओरडला. "थोडाच!"

ती पेटीकडे धावली. किल्ली कुलपात बसेना. कुलूप निघालं, तिने हाताला आलं ते लुगडं ओढलं आणि खिडकीशी आली. बायकांनी तिला धरलं. पाराजवळ नुसतं लाल पाणी वाहत होतं. निंबसुद्धा नव्हता.

पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं. धोंडिराम सापडला नाही. अनसूया तीन दिवस घाटावर बसून राहिली. कुणी भाकरी आणली तर ती बाजूला सारायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगायची, "लुगडं होतं माझ्याकडं. कोरडं, धडधाकट. अकरा होती." लोक म्हणत, बाई, तुझ्यामुळे अठरा जीव वाचले. ते तिच्या कानात शिरत नसे. तिसऱ्या संध्याकाळी ती पाण्यात चालत निघाली. गळ्याइतक्या पाण्यातून तिला मागे आणलं ते त्याच माणसांनी, ज्यांना तिने ओढून घेतलं होतं. त्या वेळी तिने हातात नदीचं पाणी घेतलं आणि बोलली, असं सांगतात: "धनी, इथून पुढं माझ्या दुकानात काही राखून ठेवायची नाही. कुलूप म्हणून घालायची नाही."

चौथ्या दिवशी तिने गाळ्यातला चिखल काढला. दोराची लुगडी सोडवून धुतली, पण गाठींचे पीळ काही गेले नाहीत. ती तिने फळीवर मांडली आणि शेजारीच अकरा रेशमी लुगडी मांडली. भाव सगळ्यांचा एकच, डागी मालाचा. पुराने अंगावरच्या वस्त्रानिशी उरलेल्या बायकांनी त्या दिवशी रेशीम नेसलं. आणि पीळ पडलेली लुगडी पारावरून वाचलेल्यांच्या घरांनी मागून नेली. तिथून हे भांडार वाढलं. तिने अखेरपर्यंत स्वतः माल मांडला, पण तिला हसताना कुणी पाहिलं नाही.

आजही नवं दुकान उघडायचं असलं की आदल्या दिवशी त्या घरांतली माणसं येतात. आलेल्या मालातलं सगळ्यात भारी लुगडं आधी निवडतात, त्याला पीळ देऊन नव्या दुकानाच्या दोरात बांधतात आणि मगच दार उघडतं. गेल्या वर्षीच्या दुकानात चिमाबाईंना खुर्चीवर बसवून आणलं होतं. दोर छतापासून सोडला, तो जमिनीला टेकून आणखी दोन हात फरशीवर पसरला. तिथला नवा व्यवस्थापक म्हणाला, "आजी, हे पायांत येईल लोकांच्या. कापून टाकू का?"

चिमाबाई खाली वाकल्या आणि त्यांनी ते टोक मुठीत धरलं.

"ऱ्हाऊ दे लेकरा," त्या म्हणाल्या. "तेवढाच पायजे हुता."