न वाजलेला भोंगा

एका तालुक्याच्या दूध संघात एकदा एक वृद्ध संगणकतज्ज्ञ होते. सारे त्यांना गुरुजीच म्हणत. त्यांच्या हाताखाली उल्का नावाची एक बुद्धिमान शिष्या काम शिकत होती. संघाचा सर्व्हर जुना झाला होता आणि त्यातल्या कार्यप्रणालीची देखभाल ती बनवणाऱ्यांनीच थांबवली होती. सगळे काम नव्या प्रणालीच्या सर्व्हरवर नेण्याची जबाबदारी गुरुजींनी उल्कावर सोपवली.

उल्का प्रत्येक विभागात विचारत फिरली, "जुन्या सर्व्हरवर तुमचं काय काय चालतं?"

जो तो म्हणे, "आमचं काही नाही हो त्याच्यावर."

मग जे तिला स्वतःला सापडले ते तिने निगुतीने हलवले. आता एखाद्या सुट्टीच्या दिवशी जुना सर्व्हर बंद केला की सुटले, असे तिला झाले होते. पण गुरुजी होकार देईनात. "अजून थांब," एवढेच म्हणत. उल्काच्या नाकी नऊ आले.

एके सकाळी, कचेरी ऐन भरात असताना, गुरुजींनी अध्यक्षांच्या कानावर घातले, जुन्या सर्व्हरची नेटवर्कची तार उपसली आणि ते स्वस्थ खुर्चीत बसले.

"गुरुजी, आज? कामाच्या दिवशी?"

"आजच. सुट्टीच्या दिवशी हाक कोण मारणार?"

थोड्याच वेळात हाका सुरू झाल्या. हिशेब विभागाच्या ढोबळेबाईंच्या पावत्या छापेनात. वाहतूक विभागाला टँकर कुठे पोहोचले ते दिसेना. येणारा प्रत्येक जण उल्कालाच फैलावर घेई.

"मी विचारलं होतं ना तुम्हाला?" ती अखेर म्हणाली.

"अहो, पावत्या त्याच्यावरून येतात हे आम्हाला काय ठाऊक?" ढोबळेबाई म्हणाल्या.

त्यांचेही खरेच होते, आणि म्हणूनच उल्का अधिक चिडली. दात-ओठ खात तिने एकेक दुवा शोधून काढला. दुपारी माणसांची रीघ थांबली.

"गुरुजी, सगळं कळलं. आता तार लावू?"

"कोण आलं नाही?"

"जे आले नाहीत त्यांचं नीट चाललंय, म्हणून आले नाहीत. आता मी दारोदार जाऊन तक्रारी मागू का?"

गुरुजी उठून बाहेर पडले. धुसफुसत उल्का त्यांच्या मागे निघाली. आवाराच्या टोकाला संघाचे शीतगृह होते. तालुक्यातल्या गाईम्हशींसाठी आलेली लस तिथे ठेवलेली होती. पर्यवेक्षक घोडकेमामा दारापाशी निवांत बसले होते.

"काय मामा, सगळं ठीक?"

"एकदम. चार अंश. आणि काही बिघडलंच तर भोंगा बोंबलतो की."

गुरुजी आत गेले आणि लशीच्या खोक्यांजवळ टांगलेला तापमापक त्यांनी मुठीत घट्ट धरला. हाताच्या उबेने आकडा चढायला हवा होता, पण दाराबाहेरच्या तापमान दाखवणाऱ्या पडद्यावर चार अंशच राहिले. भोंगा वाजला नाही. वेळ जात राहिला, तरी आकडा हलला नाही.

मामा उठून उभे राहिले. उल्काचा राग कुठल्या कुठे गेला. ती धावत कचेरीत गेली आणि तिने तार पुन्हा जोडली. क्षणभराने आवाराच्या टोकाकडून भोंग्याचा कर्कश आवाज आला.

ती परत आली तेव्हा गुरुजी तापमापक सोडून गारठलेला तळहात चोळत उभे होते. ते म्हणाले, "ज्यांचं अडलं ते तुझ्याशी भांडायला आले, हे त्यांचे उपकारच समज. इथे मात्र हाक मारणाराच जुन्या सर्व्हरच्या आधाराने उभा होता. आधार गेला, तशी त्याची वाचाही गेली. स्वस्थ असणं आणि वाचा जाणं, दुरून दोन्ही सारखंच ऐकू येतं. जवळ जावं लागतं."

उल्काने सुट्टीच्या दिवसाचा बेत पुढे ढकलला आणि जिथून एकही तक्रार आली नव्हती अशा विभागांकडे, या खेपेस न कुरकुरता, ती चालू लागली.

आपल्याही घरात कधीच काही न मागणारे एखादे माणूस असेल, तर त्याच्या खोलीत आज जरा डोकावून यावे.