वरच्या रानाचं पाणी

त्या राज्यात कुणी कुणाला भेटायला जात नसे. कोण आहे आणि कोण नाही, हे पाण्यावरून ठरत असे. नदी वरच्या रानातून उतरायची आणि खालच्या बंधाऱ्यापाशी येऊन संथ व्हायची. वर जायला सर्वांना बंदी होती. तिथल्या जिवांना कुणाच्या पावलांचा त्रास नको म्हणून राजा कासवानं ती घातली होती, आणि ती कुणी मोडू नये म्हणून रानाच्या तोंडाशी कोळसुंद्यांचा पहारा बसवला होता. कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे. शिस्तीचे, कमी बोलणारे.

वरच्यांची दखल ठेवायचं काम सगुणा साळूकडे होतं. साळू म्हणजे साळिंदर. वयानं तिचे काटे पांढरेशुभ्र झाले होते, आणि अशा काट्याला एक गुण असतो. तो घटकाभर पाण्यात धरला, की त्या पाण्याला ज्या जिवाचा स्पर्श झाला असेल, त्याच्या काळ्या रेघा काट्यावर उमटतात. पाणी पिणारा, पंख भिजवणारा, शेपूट बुडवणारा, प्रत्येकजण स्वतःचं काहीतरी पाण्यात सोडून जातो. भेकराच्या रेघा वेगळ्या, शेकरूच्या वेगळ्या. कोणत्याही दोन जातींच्या सारख्या नाहीत. सगुणाला त्या सगळ्या पाठ होत्या. दर पंधरवड्याला ती सकाळी बंधाऱ्यावर यायची, पाठीवरचा एकेक काटा उपटून पाण्यात धरायची आणि रेघा वाचायची. शेजारी कारभारीण घोरपड बसलेली असे. सगुणानं नाव घेतलं, की घोरपड नखानं कातळावर ते कोरी आणि पुढे लिही: आढळले.

सगुणा हे काम जीव ओतून करी, कारण तिची लेक रंगू वर होती. बंदी यायच्या आधी ती तिकडे नांदायला गेली, त्यानंतर भेट नाही. तिचं बीळ ओढ्यापासून लांब असावं. साळिंदराच्या रेघा कधी उमटल्या नव्हत्या. तरी प्रत्येक काटा बाहेर काढल्यावर आईचे डोळे आधी त्याच शोधत.

सुरुवातीला अकरा जाती आढळल्या. मग बंधाऱ्याशी बातमी आली, की पहाऱ्यावर आणखी कोळसुंदे नेमलेत. त्यानंतर जाती वाढू लागल्या. चौदा झाल्या, मग वीस. ज्यांना कुणी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं ते पाण्यात आढळू लागले: खवल्या मांजर, धनेश, झाडाच्या शेंड्यावरून कधी खाली न उतरणारं शेकरूसुद्धा. राजा कासव बंधाऱ्यावर येऊन म्हणाला, "बंदीचं फळ आहे हे." सगुणाला त्यानं सर्वांदेखत 'राज्याचे डोळे' म्हटलं. तिलाही बरं वाटलं.

आणि एका सकाळी काट्यावर साळिंदराच्या रेघा आल्या.

"रंगू!" सगुणा ओरडलीच. "माझी रंगू आहे हो, कारभारीणबाई! पाण्यावर आली होती."

घोरपडीनं कोरलं आणि ती निघून गेली. सगुणा काटा उराशी धरून तिथंच बसून राहिली. बंधाऱ्याच्या फटीत एक म्हातारा खेकडा राहायचा. तो बाहेर आला आणि काट्याकडे पाहत राहिला.

"सगुणाक्का, एक विचारू? पूर्वी तू काटा उन्हाकडे धरायचीस, डोळे बारीक करायचीस, तेव्हा कुठं रेघ दिसायची. आता लांबून वाचतेस."

"आता जीव जास्त आहेत वर."

"जास्त असले तर रेघा जास्त येतील. गडद कशानं येतील?" खेकडा हळूच म्हणाला. "मी हे पाणी रोज पितो, अक्का. नुसतं तोंड लावून एवढं उमटत नाही. एवढं उमटायला आख्खा जीव लागतो."

सगुणानं काट्याकडे पुन्हा पाहिलं. मग ती उठली आणि बंदी मोडून नदीच्या काठाकाठानं वर निघाली.

रानाच्या तोंडाशी पहाऱ्यावर कुणी नव्हतं. वरच्या रानात झाडं होती, आणि दुसरं काही नव्हतं. एक पान हललं तरी दचकायला व्हावं इतकी शांतता. एका डोहाशी कोळसुंदे रांगेनं उभे राहून तोंडं धूत होते. त्यांची पोटं टम्म भरली होती, म्हणून कुणी तिच्या अंगावर आलं नाही. नायक तर आदबीनं बोलला.

"आजी, एवढ्या लांब कशाला आलात? रानात घाण नको म्हणून उरलंसुरलं पाण्यात सोडायचा हुकूम आहे. आम्ही नियमानंच वागतो."

"अजून कोण कोण राहिलंय?" सगुणानं विचारलं.

"इथं? कुणीच नाही. आजच संपलं."

डोहाच्या वाळूत काळेपांढरे, कोवळे काटे विखुरले होते. सगुणानं त्यांना हात लावला नाही. ती नुसती त्यांच्याजवळ बसली, ऊन उतरेपर्यंत.

परत येऊन तिनं दरबारात सगळं सांगितलं. ऐकता ऐकता राजानं डोकं कवचात ओढून घेतलं, आणि ते बाहेर आलंच नाही. घोरपड मात्र शांत होती.

"रंगूची नोंद कातळावर आहे की नाही, सगुणाबाई?"

"आहे."

"मग रंगू आहे. उगाच अभद्र बोलू नका."

पुढच्या पंधरवड्याला बंधाऱ्यावर शेजारच्या राज्याचे पाहुणे आले होते. वरचे कोळसुंदेही पहारा उठवून खाली आले होते. इथलं भरलेलं रान त्यांना पाण्यातून दाखवायचं होतं. सगुणानं पहिला काटा बाहेर काढला. कोरा. दुसरा, तिसरा, दहावा. सगळे कोरे.

"एक तरी नाव घ्या," घोरपड पुटपुटली. "पाहुणे बघताहेत. तुम्ही म्हणाल ते मी कोरते."

"जे नाही त्याचं नाव मी घेणार नाही."

घोरपड रागावली नाही. तिनं सगुणाच्या हातातला एक कोरा काटा अलगद काढून घेतला.

"बरं. मग जरा वरच्या अंगाला उभ्या राहता का, सगुणाबाई? गुडघाभर पाण्यात. दोन पावलं आणखी. हां, तिथंच."

काठावरून दोन कोळसुंदे उतरले. सगुणानं पाठ फुगवली, पण तिथं उभे करायला काटे उरले नव्हते. पंधरवड्यामागून पंधरवडे तिनं ते उपटून दिले होते. तिनं मान वळवून एकदा वरच्या रानाकडे पाहिलं.

घोरपड पाणी संथ होईपर्यंत थांबली. मग तिनं काटा बुडवला, बाहेर काढला आणि उंच धरला. काठावरच्या शेवटच्या पाहुण्यालाही दिसाव्यात इतक्या ठळक रेघा त्यावर उमटल्या होत्या. लोक कौतुकानं कुजबुजले. घोरपड कातळाकडे वळली आणि सावकाश, सुबक अक्षरात तिनं कोरलं: साळिंदर. आढळले.